आकाशवाणीची युद्धाची तयारी शांततेतच करावी लागते
माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे 2025 मध्ये जम्मूपासून भुजपर्यंत गावेच्या गावे दिवे मालवून बसली होती आणि आम्ही इकडे टीव्हीसमोर जागत होतो. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे काही वाहिन्यांनी रात्रीतून सांगून टाकले, सकाळी ते खोटे निघाले. हवाई हल्ल्याचे भोंगे तर स्टुडिओत वाजवले जात होते. लोक उद्या खऱ्या भोंग्याकडे दुर्लक्ष करतील, हे थांबवा, असे शासनाला लेखी सांगावे लागले. अशा रात्री देशाने निःशंक मनाने कान द्यावा अशी संस्था आपल्या खात्याकडे आहे. ती आकाशवाणी. माझे म्हणणे एकच आहे: युद्धात उपयोगी पडणारी नभोवाणी युद्ध सुरू झाल्यावर उभी करता येत नाही. ती शांततेत राखावी लागते, आणि आज ती राखली जात नाही.

1971 चेच पाहा. कोलकाता केंद्रावरून देवदुलाल बंद्योपाध्याय बातम्या वाचत, प्रणवेश सेन ‘संवाद परिक्रमा’ लिहीत, आणि पूर्व बंगालमधली माणसे दारे लावून, आवाज बारीक करून ते ऐकत. देवदुलाल यांना पुढच्याच वर्षी पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण त्या आवाजामागे कोलकात्याजवळच्या चिन्सुऱ्याचा 1000 किलोवॅटचा मध्यम लहरींचा (मीडियम वेव्हचा) प्रक्षेपकही होता, आणि तो युद्धाच्या आधी, 1969 मध्ये उभा राहिला होता. डिसेंबरात जनरल माणेकशा यांचे शरण येण्याचे आवाहन आकाशवाणीवरून पाकिस्तानी सैन्याच्या कानांवर पुन्हा पुन्हा घातले गेले. शस्त्र टाकलेत तर सन्मानाने वागवू, हा शब्द होता. शत्रूच्या शिपायालाही तो खरा वाटावा लागतो, नाहीतर अशा आवाहनाला काडीची किंमत उरत नाही.

उलटेही घडलेले आहे. नोव्हेंबर 1962 मध्ये आसामच्या वाटेवरचे बोमडिला चीनच्या हाती पडल्यावर पंडित नेहरू आकाशवाणीवरून आसामच्या जनतेविषयी कळवळून बोलले. धीर देण्यासाठी काढलेले ते शब्द अनेक आसामी माणसांना निरोपासारखे वाटले, आणि तो सल तिथे अजून आहे. युद्धाच्या रात्री रेडिओवरून गेलेले एखादे वाक्य पिढ्यांना पुरते.

रेडिओची किंमत शत्रूला आपल्याआधी कळते. चितगावजवळच्या कालूरघाटहून बांगलादेशच्या मुक्तिलढ्याचे स्वाधीन बांगला बेतार केंद्र (स्वतंत्र बांगला रेडिओ) 26 मार्च 1971 ला सुरू झाले आणि 30 मार्चला त्यावर पाकिस्तानी बाँब पडले. गोवामुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला, आपल्याच हवाई दलाने पहिल्या दिवशी बांबोळीचे रेडिओ केंद्र उडवले. 1 मार्च 2022 ला कीवच्या प्रसारण मनोऱ्यावर रशियाचे क्षेपणास्त्र आले आणि पाच माणसे गेली. त्याच महिन्यात बीबीसीने युक्रेनसाठी लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर) रोज चार तासांच्या बातम्या पुन्हा सुरू केल्या. म्हणजे सगळी मदार एका मनोऱ्यावर, एका शहरावर किंवा एका मोबाइल ॲपवर ठेवून चालत नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलात यंत्रे दडवून गोव्यासाठी गुप्त रेडिओ सुरू केला आणि तो 1955 पासून थेट मुक्तीपर्यंत चालवला. विखुरलेले, दुय्यम भासणारे केंद्र किती टिकाव धरते हे आम्हा कोकणातल्यांना वेगळे सांगायला नको.

आणि आपण काय करत आहोत? मध्यम लहरींचे प्रक्षेपक देशात ठिकठिकाणी बंद होत आहेत. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या 2,539.61 कोटींच्या योजनेत एफएमची व्याप्ती 59 वरून 66 टक्के भूभागापर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते. ते पुरते गाठले तरी देशाचा तिसरा हिस्सा एफएमच्या बाहेर राहतो, आणि त्यात डोंगर आणि सीमा येणारच, कारण एफएमला डोंगर आडवा आला की संपले. मध्यम लहरी डोंगर वळसून जातात आणि रात्री तर शेकडो किलोमीटर पोचतात.

याचा अर्थ इथे आम्ही अनुभवला आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या दापोलीकडे विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर एकदमच गेले. आळीतल्या एका काकांनी संपत आलेले सेल चुलीच्या उबेला ठेवले, ट्रान्झिस्टरमध्ये घातले, तो आडवा-उभा फिरवत मुंबई पकडली, आणि ओटीवर जमलेल्या दहा-बारा जणांना त्या दिवशी पहिली बातमी कळली. फोनच्या चार्जिंगसाठी जनरेटर शोधत फिरणारी तरणी पोरेही तिथेच येऊन बसली. युद्धातही वीज आणि टॉवर असेच जातात.

जुन्या प्रक्षेपकांचे वीजबिल भारी असते, शहरात खरखर येते, नव्या फोनमध्ये मध्यम लहरी लागत नाहीत, हे सगळे मला मान्य आहे. सगळे प्रक्षेपक चोवीस तास पूर्ण शक्तीने चालवा असे मी म्हणतही नाही. पण प्रत्येक विभागात निदान एक तरी डिझेल भरून, तंत्रज्ञ नेमून, दर महिन्याला चालवून बघून तयार ठेवा. विकलेली जमीन आणि भंगारात गेलेला मनोरा युद्धाच्या आठवड्यात परत मिळत नाही. एप्रिल 2023 मध्ये केंद्र शासनानेच मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ बंद करू नका, आपत्तीत तो लागतो, असे कळवले होते. तोच न्याय आपल्या स्वतःच्या प्रक्षेपकांना लावा.

माणसांचेही तसेच. जून 2023 मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. सात दहाच्या बातम्यांवर वाढलेल्या महाराष्ट्राने आवाज उठवला म्हणून त्याला स्थगिती मिळाली. दर वेळी श्रोत्यांनीच धावावे का? बीबीसीने 1940 मध्ये वृत्तनिवेदकांना स्वतःचे नाव सांगून बातम्या वाचायला लावले, कारण जर्मनांनी तोतया आवाज घुसवला तर लोकांना खरा आवाज ओळखता यावा. आज कोणाचाही आवाज संगणकावर तासाभरात बनवता येतो. अशा वेळी रोज कानावर पडणारा, नावानिशी ठाऊक असलेला, आपल्या भाषेतला निवेदक ही संरक्षणाचीच बाब आहे. कंत्राटावरचे नैमित्तिक निवेदक दर काही महिन्यांनी बदलून ही ओळख तयार होत नाही.

शेवटची विनंती कायद्यातलीच आहे. आकाशवाणी ज्या प्रसार भारतीच्या अखत्यारीत येते, तिच्या कायद्याच्या कलम 23 नुसार देशाच्या सुरक्षेसाठी अमुक प्रसारित करा किंवा करू नका, असा आदेश केंद्र शासन देऊ शकते. युद्धात तो अधिकार हवाच. सैन्य कुठे निघाले हे कुणी रेडिओवरून सांगू नये. पण आदेशावरून एखादे प्रसारण केले, तर ते तसे आहे हे श्रोत्यांना सांगण्याची मुभाही तेच कलम आकाशवाणीला देते. ही मुभा नेहमीची पद्धत करा. ‘ही माहिती आत्ता देता येत नाही’ असे निवेदकाने स्पष्ट म्हटले तर लोक समजून घेतात. गप्प राहिलात तर पोकळी अफवा भरतात, हे मे महिन्यात आपण सगळ्यांनी पाहिले.

महाराष्ट्रातले आणि गोव्यातले मध्यम लहरींचे कोणते प्रक्षेपक आज चालू आहेत, कोणते बंद केले, आणि वीज गेल्यावर त्यातले कोणते किती तास चालू शकतात, याची यादी आपल्या खात्याने जाहीर करावी, ही विनंती.

कळावे,
आकाशवाणीचा एक श्रोता,
दापोली, जि. रत्नागिरी