पेट्रोलचा पंप निर्दोष होता! मदत करणाऱ्या सगळ्यांचे आभार

जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवायची हौस माझी, पण गाडी चढाला का अडते हे इथे विचारल्यावर डोकेफोड मात्र तुम्ही केलीत. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सगळं ठीक, पण चढाला लागलं की पेट्रोलच्या प्रेशरचा ३ बारवरचा काटा २ च्या खाली यायचा आणि गाडी आचके द्यायची. फिल्टर बदलला, शेवटी पंपही बदलला. नवा पंपही तसाच वागला तेव्हा गाडी विकून टाकावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ज्यांनी ‘आयडलला रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर आवरून धरणाऱ्या भागाची) इंजिनाकडून येणारी व्हॅक्यूमची नळी काढून बघा, प्रेशर वर गेलं पाहिजे’ असं सांगितलं, त्यांच्यामुळे रेग्युलेटरचा खर्च वाचला. काटा साधारण अर्धा बार वर चढला, म्हणजे तो बिचारा ठीक होता.

पण खरा चोर पकडला तो ‘बॅटरीवर नको, पंपाच्या टर्मिनलवरच मीटर लावा, तेही इंजिन चालू असताना’ म्हणणाऱ्याने. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपावर जेमतेम १०.४! इग्निशनच्या जुन्या, बारीक वायरवरून मीच सप्लाय घेतला होता. आता बॅटरीपासून फ्यूजसकट जाड वायर, मध्ये रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच), आणि अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा केलाय. काटा आता चढावरही खाली येत नाही.

आणि पेट्रोलची लाइन उघडण्याआधी प्रेशर सोडा, अग्निशामक जवळ ठेवा, असं तीनतीनदा बजावणाऱ्या त्या काकांना वेगळा नमस्कार. तेव्हा कटकट वाटली होती. मग पहिलाच नट सैल करताना पेट्रोल मनगटापर्यंत उडालं.