तुम्ही सासूबाईंना विचारलेत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. तुम्ही कोकणात, मी पुण्यात, आणि ओळख म्हणाल तर प्लास्टिक कमी वापरण्याबद्दलच्या तुमच्या चित्रफितींतून मोबाइलवर पाहिलेल्या स्वयंपाकघरापुरती. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलेत त्याचे आभार दोन ओळींच्या निरोपात मावणारे नाहीत आणि अशा वागण्याची जाहीर दखल घेतली जावी असे मला मनापासून वाटते.

घरातले प्लास्टिक कमी करण्याची इच्छा जुनीच होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माझे माहेर कुर्ल्यात होते. पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडांतून बाहेर काढलेले पिशव्यांचे चिखलात माखलेले ढीग मी पाहिले आहेत आणि ते अजून विसरता येत नाहीत. पुढे मार्च 2018 मध्ये राज्याने बंदी जाहीर केली, जूनपासून पाच हजारांचा दंड सुरू झाला, काही काळ मंडईतल्या पिशव्या दिसेनाशा झाल्या आणि मग हळूहळू परत आल्या. 1 जुलै 2022 पासून तर एकदाच वापरून फेकण्याच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आली. काय वापरू नये हे कायद्याने सांगितले. पण पहाटे उठून डबे भरणाऱ्या बाईने त्याऐवजी काय करावे, हे शेजारी बसून सांगणारे कोणी नव्हते.

सांगायला आले ते कसे आले, हेही लिहिलेच पाहिजे. आमच्या सोसायटीत एका संस्थेचे व्याख्यान झाले होते. पडद्यावर समुद्रातली कासवे दाखवली, मोठमोठे शब्द वापरले, आणि नंतरचा अल्पोपाहार थर्माकोलच्या ताटल्यांतून दिला. माझ्या सासूबाई दुधाच्या पिशव्या धुऊन, गॅलरीतल्या दोरीवर वाळवून जपून ठेवतात. त्या पिशव्यांचे काय करावे, असे त्यांनी उभे राहून विचारले, तेव्हा वक्ते हसून म्हणाले, “आजी, तुम्ही अजून पिशव्या जमवता?” मागून सगळे सभागृह हसले. त्या दिवसानंतर हा विषय निघाला की सासूबाई उठून आत जात. एका जाणत्या बाईला चारचौघांत गप्प करणे हे मला आजही अक्षम्य वाटते. मोबाइलवर शोधले तर तिथे एकसारख्या काचेच्या बरण्यांच्या रांगा, महागडे बांबूचे संच आणि शंका विचारणाऱ्याला फटकारणारी माणसे. पर्यावरण वाचवण्याच्या नावाखाली इतका तुच्छपणा कशासाठी, हे मला आजवर समजलेले नाही.

तुमच्या चित्रफिती मी पाहू लागले ते तुमचे स्वयंपाकघर आमच्यासारखे दिसले म्हणून. कडेला काळवंडलेला कुकर, जुन्या चिवड्याच्या डब्यात ठेवलेली डाळ, घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने घासलेली भांडी. दुकानात मिळणारी कापडासारखी दिसणारी पिशवी मुळात पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, हे तुम्ही एक धागा काडीने पेटवून दाखवलेत. तो वितळून काळा गोळा झाला आणि शेजारचा सुती धागा जळून राख झाला. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, हेही तुमच्याकडूनच कळले. तरी तुम्ही कधी काही विकत घ्या असे म्हणाला नाहीत. नव्या सुती पिशवीमागेही कापसाचे कितीतरी पाणी खर्च झालेले असते, म्हणून आधी कपाटातली जुनी साडी काढा, हा तुमचा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

म्हणून एकदा धीर करून तुम्हाला विचारले की घरातल्या ज्येष्ठांना धुतलेल्या पिशव्या सोडायच्या नसतील, तर त्यांचे मन कसे वळवावे. उत्तर आलेच, तर मला समजावणारे येईल असे वाटले होते. तुमचा आवाजी निरोप आला तो थेट सासूबाईंसाठी.

“काकू, नमस्कार. तुमच्याकडे फ्रिज नव्हता तेव्हा पालेभाजी कशी ठेवायचात, ते मला सांगाल का?” एवढ्यावरच तुम्ही सुरुवात केलीत. मग म्हणालात की धुतलेली पिशवी टाकू नका, ती जितक्या वेळा वापराल तितक्या वेळा नवी आणावी लागणार नाही. आणि दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडता की पिशवीलाच राहू देता? सासूबाई तुकडा कधीच वेगळा पाडत नाहीत. तेवढा चिमूटभर तुकडा कचऱ्यात हरवतो आणि कोणाच्याच हाती लागत नाही, उलट अख्खी, धुतलेली, कोरडी पिशवी रद्दीवाला आनंदाने घेतो, हे तुम्ही सांगितलेत आणि पुढे म्हणालात, “तसे करत असाल तर तुमचे आधीपासूनच बरोबर आहे.”

शेवटी भाजीसाठी साडीच्या पिशव्यांचे माप सांगितलेत. इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. दीड वीत रुंद, दोन वीत लांब, वर नाडीसाठी चार बोटे जास्तीची. मध्येच तुमच्या कुकरची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत थांबून तुम्ही ते माप पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगितलेत. ताई, या पत्राचे खरे कारण ते थांबणे आहे. समोर न दिसणाऱ्या एका वयस्कर बाईला शब्द नीट ऐकू जावेत म्हणून तुम्ही थांबलात. तिला शिकवण्याआधी तुम्ही तिला विचारलेत.

सासूबाईंनी तो निरोप दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा लावायला सांगून कपाटातून जुने लुगडे काढले. पालेभाजी निवडून, ओल्या पंच्यात गुंडाळून रोवळीत ठेवायची आणि पंचा वाळू द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत तुम्ही पुढे सर्वांना दाखवलीत, आणि “पुण्याच्या काकूंनी सांगितलेली” असा उल्लेखही केलात. ते ऐकताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. आता मंडईत त्याच पुढे असतात. भाजीवाल्या मावशींना त्या स्वतः पिशवी उघडून धरतात, वाण्याकडे रिकामा डबा आधी तोलून त्याचे वजन वजा करायला लावतात, आणि वाणीही कुरकुर न करता ते करतो.

सगळे प्लास्टिक गेले असे मी म्हणणार नाही. औषधांची पाकिटे आहेत, दूध पिशवीतूनच येते, आणि मुलांच्या वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की ते पुन्हा वापरात आणणे फार अवघड. पण कचरा नेणाऱ्या ताईंच्या हाती आमच्या घरातून जो सुका कचरा जातो, तो आता थोडा असतो, धुतलेला असतो आणि त्यात खरकटे नसते. दिवसभर दुसऱ्यांची घाण निवडणाऱ्या माणसाचा हात आपल्या घरातल्या पिशवीत बरबटू नये, ही साधी माणुसकी आहे, आणि ती तुमच्या निरोपातल्या माणुसकीपेक्षा वेगळी आहे असे मला वाटत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने ज्याला ठाऊक नाही त्याचा मान राखून सांगावे, एवढे जरी सगळ्यांनी पाळले असते, तरी आमच्या सभागृहातला तो दिवस तसा गेला नसता. तुम्ही हा मान राखलात. त्याबद्दल मी आणि आमचे सगळे घर तुमचे ऋणी आहोत.

सासूबाईंचा निरोप आहे, तो त्यांच्या सांगण्यावरून जोडते. उन्हाळ्यात घातलेले पापड आणि कुरडया पावसाळ्यात डब्यात मऊ पडतात, म्हणून त्या डब्याला आतून अजून प्लास्टिकची पिशवी लावावी लागते. तुमच्याकडे तर पाऊस कितीतरी जास्त, तेव्हा तुमच्या आई किंवा आजी काय करत असत, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. सवडीने कळवा. माप असेल तर वितीतच सांगा.

आपली कृतज्ञ,
पुण्यातील एक गृहिणी