भौतिकशास्त्र शिकून पुढे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकात येणाऱ्या मार्गदर्शनपर लेखांत अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि मर्चंट नेव्ही यांना भरपूर जागा मिळते. भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलांपुढे मात्र शिक्षकी पेशाखेरीज काही दिसत नाही. मी रत्नागिरीचा चाकरमानी, न्यूट्रॉन विवर्तनाच्या (पदार्थावर न्यूट्रॉन सोडून ते कोणत्या कोनांत विखुरतात हे मोजण्याच्या) यंत्रावर उपकरण-शास्त्रज्ञ म्हणून काम केलेला. गणपतीला घरी आलो की प्रश्न ठरलेला, ‘अणुभट्टीवर आहेस म्हणजे वीज करतोस की बॉम्ब?’

ट्रॉम्बे येथील ‘ध्रुव’ ही १९८५ साली कार्यान्वित झालेली १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेची संशोधन अणुभट्टी वीज तयार करत नाही. तिच्या इतर उपयोगांबरोबरच तिच्यातून बाहेर काढलेल्या न्यूट्रॉनच्या शलाकांवर (झोतांवर) पदार्थांचा अभ्यास चालतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसला, तरी तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक असल्यामुळे अणू कुठे बसले आहेत हे तर तो सांगतोच, शिवाय त्यांची चुंबकीय टोके कोणत्या दिशेला वळली आहेत हेही सांगतो.

लहानपणी मांडवीच्या किनाऱ्यावर मोडक्या स्पीकरचे चुंबक वाळूतून ओढले की काळ्या कणांची दाढी फुटायची. ते कण बहुतांशी मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. त्याच काळ्या वाळूतले इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचे खनिज, अशा चुंबकाला जेमतेम दाद देते. मात्र त्याला उणे दोनशे अंश सेल्सियसच्याही खाली थंड केले की त्यातल्या लोहअणूंचे एकाआड एक थर परस्परविरुद्ध दिशांना तोंड करतात, आणि हे बाहेरून चुंबक लावून नव्हे, तर कोणत्या कोनात किती न्यूट्रॉन विखुरले याच्या आलेखातच थेट दिसते.

ते दिसावे याची जबाबदारी उपकरण-शास्त्रज्ञाची. काही ग्रॅम भुकटी व्हॅनेडियमच्या पातळ डबीत भरायची (हा धातू स्वतःची शिखरे आलेखात जवळजवळ उमटू देत नाही), शलाकेची दिशा जुळवायची, भटके न्यूट्रॉन अडवायला कॅडमियमचे पत्रे लावायचे, आणि न्यूट्रॉन मुळातच कमी असल्यामुळे एकेका तापमानाला तासन्‌तास मोजणी चालू ठेवायची. तापमान उतरता उतरता, आधी जिथे काहीच नव्हते तिथे लहान कोनावर एक शिखर, त्या उलटसुलट थरांची खूण, हळूहळू वर येते, तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. प्रयोग पाहुण्या संशोधकाचा आणि शोधनिबंधावर पहिले नावही त्याचे. पण ते शिखर खरे की नमुना थंड ठेवणाऱ्या शीतपात्राच्या ॲल्युमिनियमचे, हे आधी आम्हालाच विचारले जाते. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतील संशोधकांनाही ‘ध्रुव’वर प्रयोग करता येतात. आपल्या पुढील लेखमालेत या वाटेलाही एक रकाना द्यावा आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांपर्यंत ही माहिती पोहोचवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उपकरण-शास्त्रज्ञ, रत्नागिरी