एसटीडी बूथवरचा फुलस्टॉप

गोरेगाव, मुंबई

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना तू म्हणालास, "पेमेंटचं मॉड्यूल माझ्याशिवाय कुणाला कळतच नाही." आईला कौतुक वाटलं. माझा घास अडकला. समोर बोललो असतो तर तू मोबाइल उचलला असतास, म्हणून लिहितोय.

अंधेरीच्या सीप्झमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत असताना मीही असाच मिरवायचो. 1999 साल, वायटूकेची धामधूम; 2000 उजाडलं की संगणक तारखा चुकवतील ही भीती. कोबोल भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच आकडे. आमच्या एका फाइलमध्ये 'मुदत नाही' म्हणून वर्षाच्या जागी 99 टाकलेले असत. हे मला ठाऊक होतं आणि मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. खरं सांगू? मुद्दामच. आपली किंमत राहते, असं वाटायचं.

तुझ्या बारशाला आम्ही चिपळूणला होतो. शेजाऱ्यांकडे ऑफिसचा फोन आला, बॅच, म्हणजे सगळ्या खात्यांचं एकगठ्ठा चालणारं काम, आडवी झाली. ऑफिसातल्या नव्या पोराने 99 म्हणजे खरंच 1999 धरलं होतं आणि चालू खाती मुदत संपलेल्यांत गेली. मी एसटीडी बूथ गाठला आणि कोड तोंडी सांगत सुटलो, "बाराव्या कॉलमपासून इफ..., दोन ओळी, मग फुलस्टॉप." त्याने फुलस्टॉप पहिल्याच ओळीनंतर दिला. कोबोलमध्ये त्या टिंबापाशी इफ, म्हणजे 'जर'ची अट, संपते, म्हणून दुसरी ओळ सगळ्याच रेकॉर्डना लागली. पुन्हा फोन. मीटरचे लाल आकडे पळत होते. घरी पोचलो तोवर आत्याने तुझ्या कानात नाव सांगून झालं होतं.

"आमचं अ‍ॅजाइल आहे, डॉक्युमेंट लिहीत बसत नाही," हे तुझं म्हणणं मला पटत नाही. 2001 साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जणांनी या अ‍ॅजाइलचा, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा केला. त्यात चालणारं सॉफ्टवेअर कागदपत्रांपेक्षा मोलाचं म्हटलंय खरं, पण कागदपत्रांनाही मोल आहे हे त्याखालीच लिहिलंय. आणि माहिती पोचवायला समोरासमोर बोलण्यासारखा मार्ग नाही, हे त्यांच्याच बारा तत्त्वांपैकी एक. स्टँडअपमध्ये, तुमच्या रोजच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या बैठकीत, काम कुठवर आलं ते कळतं. ते तसंच का केलं, हे नाही कळत.

नोकरी सोडताना नोटीस पिरियडमध्ये घाईघाईने केटी देता तुम्ही, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, कामाची माहिती पुढच्याच्या हवाली करणं. आमच्या मुंबई युनिव्हर्सिटीत केटी लागणं म्हणजे विषय राहणं. तुमच्याकडेही बहुतेक तोच अर्थ!

तुमच्या टीममधल्या त्या नव्या मुलीला येत्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात, तुझ्या मॉड्यूलचं एक काम दे. कीबोर्ड तिच्याकडे, तू नुसता शेजारी बस. ती चुकीच्या फाइलमध्ये शिरली तरी दोन मिनिटं गप्प राहा (तुला जड जाईल, माझ्यावर गेलायस). वेळ जास्त लागेल, तर प्लॅनिंगमध्येच कामाच्या अंदाजाचे तेवढे पॉइंट धर, लपवू नकोस. आणि तिने विचारलेला प्रत्येक 'का' तिलाच विकीवर, टीमच्या सामायिक नोंदवहीत, लिहू दे. आपल्याला जे उघड वाटतं, ते आपल्याकडून लिहायचं राहतं.

गणपतीला पाच दिवस रजा टाक. चिपळूणच्या घरात अजून धड रेंज येत नाही, एवढं तिला आधीच सांगून ठेव.

तुझा,
बाबा