वाचकाला न अडवता वाट मोकळी केलीत

आदरणीय ताई,

गिरगावातल्या आमच्या ग्रंथालयाची संकेतस्थळावरची पुस्तकसूची आता संध्याकाळीही चटकन उघडते. कार्यकारिणीने आभाराचा ठराव केलाच आहे, पण तुम्ही नेमकं काय केलंत हे इतर संस्थांनाही कळावं म्हणून हे उघड पत्र.

सूची उघडत नाही अशी सभासदांची तक्रार आली की ‘मोठा सर्व्हर घ्या’ हाच सल्ला मिळायचा. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला तो कुठून परवडणार? तुम्ही महापेची शिफ्ट संपवून आलात आणि आधी लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, मागितलात. बहुतेक विनंत्या प्रत्येक मिनिटाच्या पहिल्याच सेकंदाला येत होत्या, एकाच नावाच्या प्रोग्रामकडून. चित्रं मागत नव्हत्या, पुढच्या पानावर जात नव्हत्या. इंटरनेट चालू आहे का हे तपासणारं, अनेक यंत्रांवर चालणारं ते साधन होतं आणि त्याच्या यादीत आमच्या शोधपानाचा पत्ता बसला होता. वाचणारं कुणीच नाही, तरी प्रत्येक वेळी डेटाबेस अख्खी सूची धुंडाळत होता.

आम्ही म्हणालो, त्या विनंत्या ज्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून, येतात ते बंद करून टाका. तुम्ही ठाम नकार दिलात. मोबाइल नेटवर्कवर एका आयपी पत्त्यामागे कितीतरी माणसं असतात. पत्ता बंद केला तर त्यात लोकलमधून पुस्तक शोधणारा आमचा सभासदही बाहेर राहील. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. त्याऐवजी तुम्ही फक्त त्या प्रोग्रामला, डेटाबेसला हात न लावता, ४२९ हे उत्तर मिळेल अशी सोय केलीत. ‘फार विनंत्या येताहेत’ असं सांगणारा हा क्रमांक २०१२ पासून प्रमाणित आहे. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ या उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेत किती वेळाने यायचं तेही लिहिलंत.

विस्कॉन्सिन विद्यापीठाची गोष्टही तुमच्याकडूनच कळली. २००३ मध्ये नेटगिअरच्या घरगुती राउटरांमध्ये त्या विद्यापीठाच्या वेळदर्शक सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरला गेला होता. उत्तर न मिळालेला राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचा, आणि तिथे सेकंदाला सुमारे २,५०,००० पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) आदळू लागली. साधन बनवणाऱ्याची एक ओळ कुणा तिऱ्हाइताला केवढी महागात पडते!

म्हणूनच तुम्ही त्या साधनाच्या निर्मात्यांना लॉगच्या उताऱ्यासह सौजन्याने पत्र लिहिलंत. चाचणीसाठी स्वतःचा सर्व्हर ठेवा, सगळ्या यंत्रांच्या विनंत्या एकाच क्षणी धाडू नका, प्रोग्रामच्या नावात संपर्काचा पत्ता द्या. त्यांनी आमचा पत्ता काढला आणि पुढच्या आवृत्तीत वेळाही विखुरल्या. रागाने लिहिलं असतं तर इतकं झालं असतं असं मला वाटत नाही.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. निदान आजीव सभासदत्व तरी नाकारू नका. पावती फाडून ठेवली आहे, कार्यालय रविवारीही सकाळी उघडं असतं.

आपला कृतज्ञ,
ग्रंथालयाचं संकेतस्थळ सांभाळणारा कार्यकर्ता