भुंगे खात आहेत ते गवत तरी उपटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तणांवरचा लेख वाचला. काल सकाळीच लिहायला बसले होते, पण म्हटले राग जरा निवू द्यावा. तो काही निवला नाही, म्हणून आज लिहिते आहे.

लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा असणार, कारण नावाखाली पदव्यांचीच दीड ओळ आहे. पण ‘आपल्या पूर्वजांच्या शेतात तण नव्हतेच, हा सगळा परदेशी गव्हाचा प्रसाद’ हे वाक्य त्यांनी कुठल्या बांधावर उभे राहून लिहिले ते कळले तर बरे होईल. तण नव्हते तर कोळपे काय शोभेला होते? ‘तण खाई धन’ असे म्हणणारी माणसे कुठल्या देशातून आली होती? आमची घोड नदीकाठची काळी जमीन. सासरे होते तोवर उन्हाळ्यात कुंदा खणायचे काम निघायचेच. नांगर वरवर फिरतो आणि कुंद्याची मुळी खाली खोल बसलेली. मग माणसे लावून कुदळीने ढेकळे उलथायची, काशा म्हणजे मुळ्यांचे तुकडे वेचायचे, बांधावर वाळवून पेटवायचे. एखादे पेर मातीत राहिले की दोन पावसात पुन्हा हजर. कुंदा, हरळी, लव्हाळा, ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला, यांतले एकही अमेरिकेच्या बोटीतून उतरलेले नाही.

आणि पूर्वजांचेच बोलायचे तर इनामगाव आमच्याच शिरूर तालुक्यात आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे कितीतरी वर्षे तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे शाळेत असताना मी मुलांना सांगत असे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली ती वस्ती. तिथले जळके दाणे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ काजळे यांनी तपासले आणि सातू हे तिथले मुख्य पीक असल्याचे पुढे आले. अशी तपासणी करणारे लोक नुसते धान्य पाहत नाहीत. चुलीतली, कोठारातली राखाडी माती पाण्यात कालवायची, वर तरंगलेले जळके दाणे बारीक चाळणीने टिपायचे आणि त्यात धान्याबरोबर आलेले तणाचे बी वेगळे काढायचे. हे तण खरिपातले की रब्बीतले, यावरून पेरा कधी व्हायचा ते कळते. जमिनीलगत वाढणाऱ्या तणाचे बी धान्यात निघाले, तर कणसे वरच्यावर न खुडता कापणी बुडाजवळून होत होती असा अंदाज बांधता येतो. म्हणजे तणाच्या बियांवरून जुन्या शेतीचा हिशेब मांडणारी एक अख्खी विद्याशाखा आहे, आणि आपले लेखक म्हणतात की तणच नव्हते! पुण्यात बसून लिहिताना डेक्कन कॉलेजपर्यंत रिक्षानेही जाता आले असते.

गाजर गवताची तीच गत. ‘पीएल-४८० च्या गव्हातून आले’ हे आता इतक्या वेळा छापून झाले आहे की त्याला कुणी हातच लावत नाही. पीएल-४८० म्हणजे अमेरिकेचा धान्यमदतीचा कायदा, आणि त्या कायद्याखाली भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात हे झाड त्याआधीच दिसले होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी १९५६ मध्येच त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेचा गहू १९५१ च्या मदतीतही आला होता. त्यातून आले असेल तर तसे लिहा. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने कोलकात्याच्या बागेतल्या झाडांची जी यादी १८१४ मध्ये छापली, तिच्यातही याचे नाव आहे. एवढे सगळे ‘काँग्रेसने आणलेले काँग्रेस गवत’ या एका टाळीच्या वाक्यात कोंबायचे, आणि दुसऱ्याच परिच्छेदात एकदांडीचे ‘आजीच्या बटव्यातली अस्सल देशी वनस्पती’ म्हणून कौतुक करायचे! अहो, ही एकदांडीही अमेरिकेचीच. जखमेवर तिचा पाला आम्हीही चोळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पिवळ्या धोत्र्याच्या तर शास्त्रीय नावातच मेक्सिको आहे.

पण हे सगळे मी सोडून दिले असते. लेखाच्या शेवटी जो चौकोन आहे, ‘गाजर गवत दिसेल तिथे उपटा, ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, मेक्सिकन भुंग्यांच्या नादी लागू नका, ते सूर्यफूल खातात’, तो वाचून मला राहवले नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेच्या कुंपणाला आणि आमच्या बांधाला गाजर गवताचे रान माजलेले. गाजर गवत खाणारे हे भुंगेरे मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडले गेले, हे मी वाचले होते. शेजारच्या गावात ते पोहोचले आहेत असे कळल्यावर सातवीच्या मुलांना कामाला लावले. जॅमच्या बाटल्यांच्या झाकणांना खिळ्याने भोके पाडली, आत गाजर गवताचे शेंडे घातले आणि पोरांनी भुंगे गोळा करून आणले. फिकट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा किडा. त्याची पिवळी अळी आधी कोवळे शेंडे कुरतडते, म्हणून झाडाला फूलच येत नाही. पहिल्या वर्षी पोरांची निराशा झाली, कारण सोडलेले भुंगे दिसेनासे झाले. हिवाळ्यात ते मातीत दडून बसतात, हे त्यांना सांगून पटेना. पुढच्या जूनच्या पावसाबरोबर वर आले तेव्हा अख्खा वर्ग कुंपणाशी. काही वर्षांत त्या पट्ट्यात पानांच्या नुसत्या शिरा उरायला लागल्या.

मग एका ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह आला. तो दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो. तोवर जूनमध्ये उगवलेले झाड फुलून पांढरे झालेले असते, कारण उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलावर येते. एका कार्यालयाची माणसे गाडी घेऊन आली. बॅनर होता, हातमोजे होते, फोटोवाला होता. गावात गाजर गवताला तोटा नाही, पण गाडी उभी राहील अशी जागा शाळेजवळच. सगळे जण नेमके आमच्या भुंग्यांच्या झाडांवर पडले.

मी धावत गेले. म्हटले, “साहेब, यावर भुंगे सोडलेत मुलांनी. ही राहू द्या, पलीकडची उपटा.”

साहेब हसून म्हणाले, “बाई, गवतही जाईल अन् कीडही जाईल. डबल फायदा.”

फोटो झाले. उपटलेल्यात बांधाकडची फुललेली झाडेही होती. रस्ता फोटोत स्वच्छ दिसावा म्हणून तो सगळा ढीग त्यांनी माझ्या बांधावर टाकला आणि चहा पिऊन गेले. एका झाडाला पंधरा-वीस हजारांवर बी धरते आणि पिकलेले बी उपटलेल्या झाडावरूनही झडते, हे मुलांना तोंडपाठ होते. पुढच्या पावसाळ्यात बांधालगतच्या ओळींत बाजरीच्या आधी तेच उगवले. तो फोटो तुमच्याच तालुका पानावर छापून आला होता. मथळा होता, ‘गाजर गवतमुक्तीकडे वाटचाल’.

सूर्यफुलाची भीती १९९० च्या दशकात कर्नाटकात उठली होती. चौकशी समिती नेमली गेली, भुंगे सोडणे काही वर्षे थांबले आणि पुढे पुन्हा सुरू झाले. आपल्या लेखकांचे घड्याळ मधल्या थांब्यावरच अडकलेले दिसते. आणि ग्लायफोसेटचे म्हणाल तर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरताच ठेवला. तुमच्या चौकोनात मात्र ‘पंधरा लिटरच्या पंपाला किती’ हेसुद्धा दिले आहे. त्याच फवाऱ्यात बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळजा, कुर्डूही जातात. ही तणेच, पण खुरपायला गेलेल्या बाया दुपारी ओच्यात घालून घरी आणतात आणि संध्याकाळी त्याची भाजी होते.

बायांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. अख्ख्या लेखात खुरपणाऱ्या बाईचा एक शब्द नाही, चित्रही पंप पाठीवर घेतलेल्या पुरुषाचे. माझ्या जाऊबाईंची मान आणि कोपराच्या आतली कातडी गाजर गवताने काळवंडून खरखरीत झाली आहे. रात्र-रात्र खाजवत बसतात. डॉक्टरांनी सल्ला दिला की शेतात जाऊ नका. जाऊबाई हसल्या आणि मलम घेऊन आल्या.

तर माझी विनंती एवढीच की तो चौकोन दुरुस्त करून, त्याच जागी आणि त्याच आकारात पुन्हा छापावा. आतल्या पानावर जाहिरातींखाली ‘चुकीची दुरुस्ती’ म्हणून बोटभर नको.

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त शिक्षिका,
ता. शिरूर, जि. पुणे

ता. क. : त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर पिवळ्या कॉसमॉसने भरलेल्या डोंगरउताराचा पानभर फोटो आहे, ‘चला, सोनेरी गालिच्यावर!’ म्हणून. हे कॉसमॉसही मेक्सिकोकडचेच, बागेतून निसटलेले. ते पसरले की उतारावरचे गवत दबते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. आत तणांच्या आक्रमणावर तीन रकाने आणि मागे त्याच आक्रमणाशेजारी सेल्फी कुठे काढायची याचा नकाशा! दोन्ही पाने एकाच माणसाने वाचून छापायला पाठवली असतील, तर त्यांना माझा खास नमस्कार सांगावा.