फेरमतदानाच्या अर्जावर सही करण्याआधी

लेस्टर, रविवार

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीत, म्हणून हे लिहून काढतेय. प्रिंट काढून घ्या आणि चहा झाल्यावर वाचा, आधी नको.

सोसायटीचा पुनर्विकास १३ विरुद्ध ११ असा मंजूर झाला, आपण अकरात. आता 'सभासदांना पुरेशी माहिती नव्हती, सबब मतदान पुन्हा घ्यावे' असा अर्ज तुम्ही केलाय. नऊ सह्या झाल्या, दहावी माझी हवी. मी ती अजून केलेली नाही, कारण अशाच एका अर्जावर मी एकदा सही करून बसले आहे.

जून २०१६, ब्रेक्झिटचं सार्वमत. मला इथे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तरी मला मत होतं, कारण भारत राष्ट्रकुलात. माझ्या शेजारच्या टेबलावरची इटालियन बाई पंधरा वर्षं इथे कर भरत होती, तिला नव्हतं. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की नाही हे सदाशिव पेठेतली मुलगी ठरवणार आणि इटलीची बाई बघत बसणार! मी राहण्याच्या बाजूने मत दिलं. २४ तारखेला सकाळी निकाल पाहिला: बाहेर पडा ५१.९, राहा ४८.१. तीन कोटी पस्तीस लाखांच्या वर मतं, फरक पावणेतेरा लाखांच्याही आतला. आमच्या लेस्टरात राहणारे जिंकले, तेही तीन हजारांपेक्षा कमी मतांनी. म्हणजे रस्त्यावर भेटणारा दर दुसरा माणूस समोरच्या पार्टीचा. ऑफिसात त्या दिवशी कुणी कुणाला चहासुद्धा विचारला नाही.

त्याच आठवड्यात संसदेच्या संकेतस्थळावरच्या अर्जावर मी सही केली. एकूण सह्या ४० लाखांच्या वर गेल्या. मागणी अशी, की मतदान ७५ टक्क्यांच्या खाली आणि जिंकणाऱ्याला ६० टक्क्यांहून कमी मतं असतील तर पुन्हा मत घ्या. मतदान झालं होतं ७२.२ टक्के. अगदी मापाने शिवलेला सदरा! आणि मग कळलं की शिंपी दुसऱ्याच बाजूचा. 'बाहेर पडा'वाल्या एकाने तो अर्ज मतदानाच्या आधीच टाकून ठेवला होता, आपण हरणार या भीतीने. 'बाहेर पडा'चे पुढारी खुद्द नायजेल फराज यांनीही मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं की आपण ५२-४८ ने हरलो तर विषय संपला असं कुणी समजू नये. दोन्ही बाजूंच्या खिशात एकच अर्ज होता, कोणाचा बाहेर निघणार ते निकालाने ठरवलं.

शेजारच्या बेन १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या कुटुंबातल्या. त्यांचं मत बाहेर पडायला. त्यांचं म्हणणं, युरोपातला कुणीही उठून येतो आणि आमच्या भाच्याला व्हिसा मिळत नाही. ढोकळ्याची ताटली हातात देता देता त्यांनी विचारलं, "तमे जीत्या होत तो फरी वोट मागत?" म्हणजे, तुम्ही जिंकला असतात तर पुन्हा मत मागितलं असतंत का? मी ताटली घेतली आणि घरात आले.

पण म्हणून दुसऱ्यांदा कधी विचारूच नये असंही नाही. डेन्मार्कने १९९२ साली युरोपीय संघ उभारणारा मास्ट्रिख्टचा करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला आणि पुढच्याच वर्षी ५६.७ टक्क्यांनी स्वीकारला. मधल्या काळात त्यांना सामाईक चलनातून आणि संरक्षणातून सूट मिळाली होती. आयर्लंडने २००८ मध्ये संघाचा कारभार बदलणारा लिस्बन करार फेटाळला, मग लष्करी तटस्थता, कर, गर्भपात या मुद्द्यांवर हमी घेतली, आणि २००९ मध्ये ६७ टक्के लोक हो म्हणाले. 'हो म्हणेपर्यंत विचारत राहतात' अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हे. तरी दुसऱ्या खेपेला समोरचा कागद वेगळा होता.

आमच्या २०१६ च्या मतपत्रिकेवर राहायचं की सोडायचं एवढंच. सोडायचं तर कसं, यावर एक अक्षर नाही. करार तयार होऊन संसदेपुढे आला तो थेट जानेवारी २०१९ मध्ये पडला, २३० मतांनी. आता कागद हातात आहे तर लोकांना दाखवा, ही मागणी तेव्हा रास्त होती असं मी आजही म्हणेन. २३ मार्चला मी लंडनच्या मोर्चालाही गेले. चार तास चालले, आणि त्या चार तासांत माझ्या आसपास कुणी करारातलं एक कलमसुद्धा बोललं नाही, मीही नाही. आम्हाला कागद वाचायचा नव्हता, २०१६ पुसायचं होतं, आणि ते घरी टीव्हीवर बघणाऱ्या बेननाही दिसत होतं. पुन्हा हरलो तर गप्प बसू, असं म्हणणारा एक फलक मला त्या गर्दीत दिसला नाही.

१ एप्रिलला संसदेत फेरमतदानाचा ठराव २८० विरुद्ध २९२ असा पडला. त्याच रात्री जकात संघात राहण्याचा, म्हणजे बाहेर पडूनही युरोपाशी सामाईक आयातशुल्क ठेवण्याचा, मधला मार्ग फक्त तीन मतांनी पडला. आमच्यातल्या काहींनी त्याला साथ दिली नाही, कारण आम्हाला पूर्ण हवं होतं. तेल गेलं, तूप गेलं. ३१ जानेवारी २०२० ला बाहेर.

आता सर्वेक्षणांत निम्म्याहून जास्त लोक म्हणतात की निर्णय चुकला. मग पुन्हा मत घ्यावं का? परत जायचं तर २७ देशांशी अटी ठरवाव्या लागतील. त्या अटी लिहून समोर येत नाहीत तोवर मी तरी कशावरही सही करणार नाही.

आपल्या आत्याच्या सासरची गोष्ट तुम्हीच सांगायचात. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा कौल. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. तिचे सासरे म्हापशात फुलासाठी दारोदार फिरले आणि फूल ३४,०२१ मतांनी हरलं. दोनच महिन्यांनी निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष, म्हणजे फुलवालाच, पुन्हा सत्तेवर आला, पण दुसरा कौल काही झाला नाही. सासरे म्हणे मरेपर्यंत पानवाल्या शेजाऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायले, कारण आपली आटायची. ही गोष्ट सांगताना तुम्ही हसायचात.

तेव्हा अर्ज फाईलला लावून ठेवा. बिल्डर ठरवायला विशेष सर्वसाधारण सभा व्हायचीच आहे, करारनाम्याचा मसुदाही यायचाय. चटईक्षेत्र किती, भाडं किती महिन्यांचं, बँक गॅरंटी आहे का, हे तिथे विचारा. तेरांतले दोघं डळमळीत आहेत म्हणता ना? त्यांना अर्ज नको, मसुदा दाखवा. आणि तो चांगला निघाला तर कुरकुर न करता सामान बांधायला घ्या. हे मी आईलाही सांगितलंय, ती हसली.

वरच्या मजल्यावरच्या काकांशी तुम्ही जिन्यात बोलत नाही असं कळलं. ते तेरातले, हे मान्य. पण आईच्या गुडघ्याच्या वेळी रात्री गाडी कुणी काढली होती?

मसुदा आला की स्कॅन करून पाठवा. पार्किंगचं कलम मी वाचते, तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही.

तुमची,
मनू